पुस्तकांची यादी नको, घरचा दिनक्रम विचारा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणारे दोन पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘गणिताला तुम्ही काय वापरता?’ उत्तरही बहुधा ठरलेलंच. एखाद्या पुस्तकमालिकेचं नाव, एखादं ॲप, नाहीतर ठोकळ्यांचा संच. विचारणारा नाव टिपून घेतो, आठवड्याभरात वस्तू घरी येते, चार दिवस कौतुकाने वापरली जाते आणि मग कपाटात जाते. पुढच्या भेटीत प्रश्न तोच, नाव नवं. यात सल्ला देणाऱ्याची काही चूक नसते. ज्या घरी ती मालिका चालली, तिथे कदाचित आजोबा रोज सकाळी तासभर नातीजवळ बसत असतील. किंवा मूलच मुळात इतकं वाचनवेडं असेल की त्याच्या हाती काहीही दिलं असतं तरी चाललं असतं. हे तपशील वस्तूच्या नावाबरोबर येत नाहीत. म्हणून माझं म्हणणं असं, की होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांनी एकमेकांना साधनांबद्दल विचारण्याआधी घराबद्दल विचारावं. कोण कधी मोकळं असतं, स्वयंपाक कोण करतं, मूल बसतं कुठे, फोन कुणाच्या हातात असतो. या व्यवस्थेत न बसणारं साधन कितीही उत्तम असलं तरी वापरलं जात नाही, आणि व्यवस्था नीट लागली की साध्या साधनांवरही काम भागतं.

एकेकाळी साधनं मिळवणं हीच खरी अडचण होती. जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाने १९७७ मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. त्यात मोठा भाग असे तो वाचक-पालकांच्या पत्रांचा. दूरदूर विखुरलेल्या त्या कुटुंबांना एकमेकांचाच आधार होता आणि एखाद्या चांगल्या पुस्तकाचं नाव कळणं ही खरोखरची कमाई होती. आज मराठी घराची स्थिती नेमकी उलटी आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक तिथेच वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि त्या छापून घ्यायलाही मोकळीक आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर काड्या, स्ट्रॉ, जुन्या चपलांचं रबर यांतून करायच्या खेळण्यांच्या कृती आहेत, शिवाय कितीतरी मराठी पुस्तकं. मराठी विश्वकोश घरबसल्या उघडतो. एवढ्यावर एका मुलाची प्राथमिक शाळेची सगळी वर्षं सहज निघतील. तुटवडा आहे तो मोठ्या माणसाच्या सलग, निवांत वेळेचा. तरीही आपली देवाणघेवाण अजून पुस्तकांच्या नावांपाशीच अडकलेली आहे.

हा वेळ मोजणं हे पहिलं काम. एक आठवडा कागद फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि घरातलं कोण कोणत्या वेळी खरोखर मोकळं होतं ते प्रामाणिकपणे लिहा. ‘घरी असणं’ आणि ‘मोकळं असणं’ यांत बरंच अंतर असतं. लॅपटॉपवर काम करणारी आई दिवसभर घरी असते, पण कुकरची शिट्टी आणि ऑफिसची मीटिंग यांच्या मध्ये तिला वीस मिनिटंसुद्धा सलग मिळतील असं नाही. बहुतेक घरांत या कागदावर दिवसाकाठी दीड-दोन तास उरलेले दिसतील. त्याने घाबरून जायचं कारण नाही. शाळेच्या पाच-सहा तासांतले किती तास एका मुलाच्या वाट्याला येतात याचा विचार करा. हजेरी, रांगा, चाळीस वह्या, मधली सुट्टी आणि कुणीतरी गोंधळ केला म्हणून सगळ्यांनी ऐकायची बोलणी वजा केली, तर एकट्या मुलासोबत दीड तास हा भरपूर वेळ ठरतो, निदान पाचवीपर्यंत. पण तो ठरलेला हवा आणि त्या वेळात दुसरं काम नको. कोणत्या वेळेला कोण बसणार हे ठरलं की साधनांच्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. आजी शिकवणार असेल तर इंग्रजी सूचनांची मालिका नको. वडील रात्री आठनंतरच मिळणार असतील तर हातोडी-खिळ्यांचे प्रयोग रविवारवर टाका आणि रात्रीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायचं पुस्तक ठेवा.

बाकीच्या बारा तासांचं काय? घर स्वतःच शिकवतं असं म्हणायची पद्धत आहे. ते कितपत खरं आहे हे तपासायला हवं. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या तीस मुलींचं बोलणं घरी आणि बालवाडीत ध्वनिमुद्रित केलं. १९८४ मध्ये ‘यंग चिल्ड्रन लर्निंग’ या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष मांडले. मुली बालवाडीपेक्षा घरी कितीतरी अधिक प्रश्न विचारत होत्या, एका प्रश्नावरून दुसऱ्यावर जात होत्या, उत्तर पटलं नाही तर चिकाटीने मागे लागत होत्या. हे केवळ सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरांत दिसलं असं नाही, कामगारांच्या घरांतही दिसलं. आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हे चांगले संवाद आया मुद्दाम शिकवायला बसल्या म्हणून घडत नव्हते. जेवताना, सामानाची यादी करताना, घरातली कामं उरकताना ते घडत होते. अभ्यास इंग्लंडमधला आणि लहान आहे, पण आपल्याकडे तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच दिशेचं काम त्याच्याही आधी करून दाखवलं. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी लाकडी साधनं त्यांनी बाजूला ठेवली आणि शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले. मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणशाळा काढली. मुलांचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं आणि साधनं त्यावरून ठरवली. हा क्रम आजच्या फ्लॅटमध्येही तितकाच लागू आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. महावितरणचं वीजबिल दर महिन्याला फुकट येतं आणि बहुतेक घरांत फक्त शेवटचा आकडा पाहून भरलं जातं. नऊ-दहा वर्षांच्या मुलासमोर ते उघडा. चालू रीडिंगमधून मागचं रीडिंग वजा केलं की युनिट निघतात. मीटरपाशी नेऊन हे आकडे खरेच जुळतात का ते बघायला लावा. पुढे दरांचे टप्पे येतात, १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा. समजा पहिल्या टप्प्याला युनिटमागे ५ रुपये आणि दुसऱ्याला १० रुपये दर आहे आणि वापर १३० युनिटचा. मूल बहुधा १३० गुणिले १० म्हणजे १३०० असं सांगेल. खरं उत्तर ५०० अधिक ३००, म्हणजे ८००, कारण वाढीव दर फक्त वरच्या ३० युनिटला लागतो. (ही चूक मोठी माणसंही करतात. शंभराच्या पुढे गेलं की सगळंच बिल महाग होतं, असं समजून शेवटच्या आठवड्यात पंखे बंद करणारे थोडे नाहीत.) मग विचारा, एक युनिट म्हणजे किती? हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. तेवढ्यात ७५ वॅटचा पंखा तेरा तासांहून जास्त चालतो. इथून पुढचा प्रश्न गणिताचा राहत नाही, घराचा होतो. आंघोळीला गीझर किती वेळ चालू ठेवायचा, सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी केल्या तर काय वाचेल? मुलाने काढलेल्या हिशोबावर घरात खरोखर निर्णय झाला, तर त्या गणिताला वर्कशीटवर कधी येत नाही असं वजन येतं. अशा जागा घरात पुष्कळ आहेत. थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण दुप्पट-दीडपट करणं, मटकी भिजवण्याआधी आणि मोड आल्यावर तोलणं, सिलिंडरवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन आणि आतला १४.२ किलो गॅस यांवरून तो किती दिवस पुरला याची नोंद ठेवणं. बिस्किटाच्या पुड्यावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. हे एकदा कळलं की साखर कितव्या क्रमांकावर आहे हे मूल स्वतःच शोधतं, आणि मग दुकानात काय घ्यायचं यावर वाद घालतं. तो वाद घालू द्यावा.

इथे एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरकामातून शिक्षण ही कल्पना गोड आहे, पण त्यातून मुलं खरोखर शिकतात, की आपल्याला तसं वाटतं? १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात नारळ, लिंबं, मका असं काहीबाही विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्यावर गिऱ्हाईक म्हणून विचारलेले हिशोब त्यांनी ९८ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर सोडवले. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. पाच मुलांवरून काय सिद्ध होतं असं कुणी म्हणेल. पण २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास मांडला, त्यातही तेच दिसलं. तोंडी, झपझप आणि अचूक हिशोब करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितांवर अडली. उलट शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं कागदावर बरी होती, पण बाजारातला हिशोब त्यांना जमेना. होमस्कूलिंग करणाऱ्यांसाठी हा अभ्यास दोन्ही बाजूंनी कान टोचणारा आहे. फक्त वर्कशीट भरून घेणाऱ्या घराला तो सांगतो की हे गणित दुकानापर्यंत पोचणार नाही. फक्त ‘जगण्यातून शिक्षण’ म्हणणाऱ्या घराला तो सांगतो की हे गणित परीक्षेपर्यंत, पुढे बीजगणितापर्यंत, आपोआप पोचणार नाही.

याचं उत्तर माझ्या मते असं, की मधला पूल कुणीतरी मुद्दाम बांधावा लागतो आणि छापील साधनांचं खरं काम तेवढंच आहे. वीजबिलाचा हिशोब आधी तोंडी होऊ द्या. मग तोच वहीत नीट पायऱ्यांनी, चिन्हं घालून मांडायला लावा. मग बालभारतीच्या पुस्तकातला त्याच जातीचा, पण वेगळ्या गोष्टीवरचा प्रश्न द्या, म्हणजे टाकीतलं पाणी, मजुरी किंवा कापड. तिन्ही पायऱ्या झाल्या तरच धडा पुरा. पाठ्यपुस्तक अशा घरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने चालवायची गरज नाही. त्याची अनुक्रमणिका मात्र भिंतीवर लावा. वर्षाच्या शेवटी कोणत्या घटकांना घरातल्या कामांतून हातच लागलेला नाही, हे तीच सांगते. बहुधा भूमिती, इतिहास आणि व्याकरण राहून गेलेलं असतं. ते थेट पुस्तकातूनच शिकवा, त्यात कमीपणा नाही. प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातून शिकवलीच पाहिजे असा अट्टहास धरला की कोन मोजायला समोसे आणावे लागतात, आणि मुलाला समोसाच लक्षात राहतो.

पुस्तकांची निवड करताना भाषेचा प्रश्न पहिला येतो. मराठी घरांतली बरीच मंडळी इंग्रजीतला परदेशी अभ्यासक्रम मागवतात, कारण तो आखीव असतो आणि रोज काय करायचं ते लिहिलेलं असतं. आखीवपणा हा गुण आहे, विशेषतः पहिल्या वर्षी, जेव्हा पालक स्वतःच गांगरलेले असतात. पण अमेरिकी गणितात डॉलर, सेंट, इंच आणि पाउंड येतात. निसर्गाच्या पुस्तकात मेपलची पानगळ आणि बर्फ येतो, आपल्या आषाढाचा त्यात पत्ता नसतो. मोठं मूल हे सहज पेलतं. सात वर्षांच्या मुलाला मात्र एका वेळी दोन अनोळखी गोष्टी झेलाव्या लागतात, गणितही आणि त्यातली वस्तूही. त्यापेक्षा पहिली तीन-चार वर्षं घरातल्या भाषेत, घरातल्या वस्तूंवर काढावीत आणि इंग्रजी रोज अर्धा तास गोष्टींमधून वेगळं द्यावं. विज्ञानासाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची तिसरी ते पाचवीसाठीची ‘स्मॉल सायन्स’ मालिका पाहण्यासारखी आहे. माहिती पाठ करण्यापेक्षा बाहेर जाऊन बघणं आणि टिपणं यावर तिचा भर आहे, आणि प्रयोगांना लागतं ते सामान घरात सापडतं. तयार प्रयोगपेट्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यांत प्रत्येक गोष्ट मोजून-मापून दिलेली असते, त्यामुळे प्रयोग फसत नाही. प्रयोग का फसला हे शोधण्याची जी मजा आहे ती राहूनच जाते. वाचनासाठी पुस्तकं विकत घेण्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं बालविभागाचं सभासदत्व घ्या. आवडीचं ठरलेलं पुस्तक तेवढं नंतर विकत घ्या. रंगीत प्रिंटर घेऊ नका. घरात प्रिंटर असला की वर्कशीटचा ढीग होतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं म्हटलं की आपण विचार करून छापतो.

स्क्रीनबद्दल घराघरात कडाक्याचे मतभेद असतात, आणि इथेही ॲपपेक्षा घरची रचना महत्त्वाची ठरते. दिवाणखान्यात, सगळ्यांना दिसेल अशा पडद्यावर, कुणाच्या तरी सोबतीने पाहिलेला वीस मिनिटांचा व्हिडिओ आणि वडिलांचा जुना फोन घेऊन कोपऱ्यात पाहिलेला तोच व्हिडिओ यांत फरक आहे. पहिला थांबवून बोलता येतो. दुसऱ्यानंतर लगेच तिसरा व्हिडिओ सुरू होतो. फुकट ॲप कोणतं हे विचारण्याआधी फोन रात्री कुठे ठेवला जातो हे ठरवा, आणि तो नियम मोठ्यांनाही लावा.

घरगुती निर्णयांतल्या सर्वांत जड निर्णयाबद्दल मात्र फार थोडे लोक उघडपणे बोलतात: शिकवणार कोण, आणि त्यासाठी नोकरी कोण सोडणार? बहुतेक घरांत ती आई असते. साधनं फुकट आहेत म्हणून होमस्कूलिंग स्वस्त पडतं असं सांगणारे तिचा बुडालेला पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि काही वर्षांनी नोकरीत परतताना होणारी अडचण हिशोबात धरत नाहीत. तो आकडा कागदावर मांडा, मग शाळेच्या फीशी तुलना करा. कधी कधी उत्तर शाळेच्या बाजूने निघेल आणि ते मान्य करायला लाज वाटू नये. घरीच शिकवायचं ठरलं, तर मग बाकीच्या कामांची वाटणी बदललीच पाहिजे. मूल घरी आहे म्हणजे दिवसाला तीन वेळा गरम जेवण, मधल्या वेळचं खाणं आणि त्यावर अभ्यास, सगळं एकाच बाईने करायचं, अशी व्यवस्था सहा महिन्यांत कोसळते. मग दोष पुस्तकावर जातो. आठवड्याचे दोन दिवस साधी मुगाची खिचडी किंवा सकाळीच दोन्ही वेळचा स्वयंपाक, धुण्या-भांड्यांना मदतीला बाई, रविवारचा बाजार आणि त्याचा हिशोब वडील आणि मूल मिळून: असले निर्णय शैक्षणिक वाटत नाहीत, पण एखादी मालिका चालणार की कपाटात जाणार हे त्यांवरच ठरतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने पोळ्या लाटणं, कपडे घडी करणं, पाणी भरणं यांत वाटा उचलावा हे ओघाने आलंच. मुलगा असला तर जास्तच.

‘पण हे कायद्यात बसतं का?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्याच्या कलम १० मध्ये पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंगसाठी वेगळा कायदा नाही, नोंदणीची पद्धतही नाही. म्हणजे ही वाट बंद नाही, पण कायद्याने आखून दिलेलीही नाही, हे समजून पाऊल टाकावं. परतीचा रस्ता मात्र मोकळा आहे. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. पुढची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून देता येते. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं, उत्तीर्ण होण्यासाठी किमान पाच विषय, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. विषय एकेक-दोनदोन करून सोडवता येतात. सगळं एकाच मार्चमध्ये कोंबायची गरज नाही, आणि घरी शिकलेल्या मुलासाठी हीच यातली सर्वांत सोयीची बाब. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणूनही दहावी देता येते, आणि महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही आहे. या दोन्हीकडे आधीच्या शिक्षणाच्या कागदपत्रांच्या अटी असतात. त्या मूल दहा-अकरा वर्षांचं असतानाच पाहून ठेवा. चौदाव्या वर्षी धावपळ करू नका.

मित्रांचं काय, हा आक्षेपही रास्त आहे. त्यावर कोणतंही पुस्तक उपयोगी पडत नाही. संध्याकाळी रोज एकाच मैदानावर, त्याच मुलांबरोबर खेळणं हा उपाय आहे. महिन्यातून एकदा होमस्कूलिंगवाल्या कुटुंबांची सहल काढून ते भागत नाही. घर बदलायचंच असेल तर वाढीव खोलीपेक्षा मैदानाजवळचं घर निवडा. आणखी एक आक्षेप असा, की हे सगळं शिकल्या-सवरलेल्या, दोन वेळची भ्रांत नसलेल्या घरांनाच जमणार. ते बऱ्याच अंशी खरं आहे. ज्या घरात दोघांनाही दिवसभर राबावं लागतं, त्या घराला हा मार्ग सुचवणं मी जबाबदारीचं मानत नाही. तिथे चांगली सरकारी किंवा जिल्हा परिषदेची शाळा हेच मुलाच्या हिताचं. वर सांगितलेला वीजबिलाचा हिशोब त्या घरातही रविवारी करता येतोच.

आता सल्ल्याच्या देवाणघेवाणीबद्दल. कुणी तुम्हाला ‘गणिताला काय वापरता’ असं विचारलं तर नाव जरूर सांगा, पण सोबत पाच गोष्टी सांगा: तेव्हा मुलाचं वय किती होतं, ते कोणत्या भाषेत शिकत होतं, जवळ कोण बसत होतं, रोज किती वेळ, आणि ते साधन किती आठवडे टिकलं. कोणता भाग गाळला हेही सांगा, कारण कुठलीच मालिका कुणी पूर्ण करत नाही आणि हे कळलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. विचारणारे तुम्ही असाल तर हे प्रश्न तुम्हीच काढा. आणि तुमच्याकडे एखादा संच न वापरता पडून असेल, तर तो कुणाला तरी महिनाभर वापरायला द्या आणि त्यांच्याकडचा मागून घ्या. नवीन काही मागवायचं ते त्यानंतर.